पंचगंगेच्या पाण्यासाठी निकष बदलून मागायचे असतील, तर ग्रामसभेच्या ठरावात नेमके काय लिहावे?

शिरोळकर

नमस्कार. मी शिरोळ तालुक्यातील पंचगंगाकाठच्या एका गावात राहतो. माध्यमिक शाळेतून निवृत्त झालो असून सध्या गावच्या पाणीपुरवठा समितीवर आहे. मागच्या ग्रामसभेत ‘पाण्याच्या गुणवत्तेचे शासकीय निकष बदलून कडक करावेत’ असा ठराव करायचे एकमताने ठरले आणि मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. हात वर करून संमती देणे सोपे होते. लिहायला बसल्यावर मात्र लक्षात आले की कोणता निकष, कोणी आणि कसा बदलायचा, हेच आम्हांपैकी कोणाला नीट ठाऊक नाही.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगतो. पावसाळा संपला की बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात आणि पुढचे सहा-सात महिने नदी ही नदी राहत नाही; एका बंधाऱ्यापासून दुसऱ्या बंधाऱ्यापर्यंत साचलेले पाणी, एवढेच तिचे रूप उरते. कोल्हापूर आणि इचलकरंजी ही दोन्ही शहरे आमच्या वरच्या अंगाला आहेत, आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगामही नेमका याच महिन्यांत असतो. फाल्गुनानंतर केंदाळ (जलपर्णी) इतके दाट होते की नाव वल्हवता येत नाही. गेल्या चैत्रात एका पहाटे मी मोटार सुरू करायला नदीवर गेलो, तेव्हा काठच्या उथळ पाण्यात रोहू आणि चिलापी तोंड वर काढून हवा घेत होते. हात घातला तरी मासा पळत नव्हता. ऊन वर येईपर्यंत त्यांतले बहुतेक पांढरे पोट वर करून बरग्यांना लागले होते. नंतर पाण्याचा नमुना घेतला गेला, पण तो दुपारी, आणि ‘निकष मर्यादेत आहेत’ असे आम्हाला तोंडी सांगण्यात आले.

हे ‘मर्यादेत आहेत’ मला समजून घ्यायचे आहे. मर्यादा पाळूनही मासे मरत असतील, तर मर्यादा चुकीची आहे की ती मोजण्याची जागा आणि वेळ चुकीची आहे? आकडा निम्म्यावर आणला, तर साचलेल्या पाण्यात काही फरक पडेल का? आणि हा बदल दिल्लीकडे मागायचा की मुंबईकडे? २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, तेव्हापासून आमच्याकडे सभा, मोर्चे आणि निवेदने पुष्कळ झाली आहेत. या वेळी असे काही लिहावे की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढे उत्तर देऊन कागद मिटवता येऊ नये, अशी आमची इच्छा आहे.

जुना केमिस्ट

शिरोळकर सर, तुमच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. मी एका सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले. केंद्राचे नाव येथे देत नाही. ज्या आकड्यावर आम्ही रोज सही करत होतो, तो आकडा आला कोठून हे मला स्वतःला नोकरीत दहा वर्षे झाल्यावर कळले, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

पाण्यातील सडणारी घाण किती, हे मोजायला आपण बीओडी वापरतो. नमुना बंद बाटलीत २७ अंश सेल्सियसला तीन दिवस ठेवायचा आणि तेवढ्या काळात त्यातील जिवाणूंनी किती प्राणवायू वापरला ते मोजायचे. पर्यावरण संरक्षण नियमांच्या सर्वसाधारण निकषांत नदीत सोडायच्या पाण्यासाठी ही मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. आता मागे जाऊ या. ब्रिटनमध्ये सांडपाण्याच्या प्रश्नासाठी नेमलेल्या शाही आयोगाने १९१२ साली आपल्या आठव्या अहवालात बीओडीसाठी २० आणि तरंगत्या गाळासाठी ३० ही मर्यादा सुचवली. जगभर सांडपाण्याचे निकष ज्या मुळापासून वाढले, ते हे मूळ. आयोगाने त्याला एक अट घातली होती: सांडपाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी नदीत वाहत असले पाहिजे. हिशेब साधा होता. नदीच्या आठ भाग पाण्यात बीओडी २ आणि सांडपाण्याच्या एका भागात २०, असे मिसळले तर मिश्रणाचा बीओडी बरोबर ४ येतो, आणि तेवढा ताण नदी सहन करू शकते असे आयोगाचे मत होते.

पुढे आकडा प्रवास करत राहिला आणि अट मागे राहिली. आपल्याकडे सांडपाण्यासाठी १९७३ साली भारतीय मानक ४७६४ आले, त्यातही २० आणि ३० हेच आकडे होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी नव्या निकषांचा मसुदा काढला. त्यात बीओडी १०, तरंगता गाळ २० आणि एकूण नायट्रोजन १० असे प्रस्तावित होते. तो अंतिम झाला असता तर फार मोठे पाऊल पडले असते. प्रत्यक्षात १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत मोठी महानगरे आणि बहुतेक राज्यांच्या राजधान्यांसाठी बीओडी २० आणि उरलेल्या सर्व ठिकाणांसाठी ३० ठेवला गेला. तरंगत्या गाळाची मर्यादा अनुक्रमे ५० आणि १०० झाली आणि नायट्रोजन यादीतून वगळला गेला. म्हणजे तुमच्या वरच्या शहरांना लागू होणारा आकडा १९७३ च्या मानकापेक्षाही सैल आहे. निकष ‘अद्ययावत’ होतात तेव्हा ते कडकच होतात, असे गृहीत धरू नका.

आता तुमच्या साचलेल्या पाण्याचा हिशेब करू. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा दिवसाला १०० दशलक्ष लिटर सांडपाणी बीओडी ३० चा निकष तंतोतंत पाळून सोडले जाते आणि उन्हाळ्यात नदीत तेवढेच, म्हणजे १०० दशलक्ष लिटर पाणी आहे, ज्याचा बीओडी २ आहे. मिश्रणाचा बीओडी १६ येईल. स्नानासाठी योग्य पाण्याचा बीओडी ३ पेक्षा जास्त नसावा, हा केंद्र सरकारचाच निकष आहे. म्हणजे प्रत्येकाने नियम पाळला, कोणीही काही लपवले नाही, तरी पाणी स्नानाच्या मर्यादेच्या पाचपट खराब. आता आकडा ३० वरून १० वर आणला असे समजा. मिश्रण ६ वर येते. पुष्कळ सुधारणा, पण तरीही मर्यादेच्या दुप्पट.

म्हणून सर, नुसता आकडा कमी करून मागू नका. नळीच्या तोंडाशी मोजलेला आकडा नदीबद्दल काहीच सांगत नाही, जोवर त्या दिवशी नदीत किती पाणी आहे हे त्याच्या शेजारी लिहिलेले नाही. तुम्ही मागायचे ते असे: उन्हाळ्यात या पात्रात किमान किती पाणी असते ते ठरवा, त्या पाण्याला किती भार पेलतो ते काढा आणि तो एकूण भार किलोग्रॅममध्ये प्रत्येक सोडणाऱ्यात वाटून द्या. दिवसाला इतके किलो, त्यापेक्षा जास्त नाही. प्रमाणाबरोबर परिमाण, म्हणजे एकूण किती सोडले तेही, धरणारा नियम आपल्याकडे अजिबात नाही असेही नाही. साखर कारखान्यांसाठी जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या निकषांत गाळलेल्या एका टन उसामागे किती लिटर पाणी बाहेर सोडता येईल यावरही मर्यादा आहे, आणि ती २०० लिटर आहे. एका उद्योगाला जे लावता आले, ते एका नदीखोऱ्याला लावता येईल.

केंदाळाबद्दल वेगळे लिहायला हवे. बीओडी कितीही खाली आणला तरी केंदाळ हटणार नाही, कारण ते घाणीवर जगत नाही. ते पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर वाढते. साध्या प्रक्रियेतून घाण कुजवून काढली जाते, पण ही दोन खते बहुतांशी पाण्यातच राहतात आणि थेट तुमच्या बंधाऱ्यात येतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात तज्ज्ञ समितीने सुचवलेले बीओडी १०, एकूण नायट्रोजन १० हे निकष सर्व शहरांना लागू करावेत असे म्हटले, आणि तळी व सरोवरांत पाणी सोडताना फॉस्फरस लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा अशीही मर्यादा त्यात आहे. येथे तुम्हाला एक मुद्दा मांडता येईल, जो मी अजून कोणाच्या निवेदनात पाहिलेला नाही. बरगे घातलेली पंचगंगा नोव्हेंबर ते मे या काळात व्यवहारात तळेच असते. तेव्हा त्या काळापुरता तळ्याचा फॉस्फरसचा निकष तिला लावावा, अशी मागणी शास्त्राला धरून होईल.

वैशाली, पुणे

केमिस्टकाकांनी ज्याला ‘मागे राहिलेली अट’ म्हटले आहे, ती आपल्या कायद्यात आहे. ती वापरली जात नाही एवढेच. मी पर्यावरणविषयक खटल्यांत साहाय्यक म्हणून काम करते, म्हणून कायद्याची बाजू मांडते.

१९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमाच्या कलम १७ मध्ये राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची कामे सांगितली आहेत. त्यातील पोटकलम १ चा खंड ‘के’ असे सांगतो की, एखाद्या विशिष्ट प्रवाहात सोडायच्या सांडपाण्यावरील प्रक्रियेची मानके मंडळाने ठरवावीत, आणि ती ठरवताना त्या प्रवाहात कोरड्या हवामानात सांडपाणी विरण्यासाठी किमान किती पाणी उपलब्ध असते आणि सांडपाणी मिसळल्यानंतर त्या पाण्यात किती प्रदूषण सहन होण्याजोगे आहे, हे दोन्ही विचारात घ्यावे. कलम १६ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाबद्दलही असेच आहे: एकाच प्रवाहासाठी वेगवेगळी मानके ठरवता येतात आणि ती ठरवताना पाण्याची प्रत, प्रवाहाचे स्वरूप आणि पाण्याचा उपयोग पाहायचा असतो. ज्यांनी १९७४ साली हा कायदा लिहिला, त्यांनी उन्हाळ्यातल्या नदीचा विचार केला होता.

शिरोळकर सरांचा प्रश्न दिल्ली की मुंबई असा आहे. देशभराचे किमान निकष केंद्र सरकार ठरवते आणि ते १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांच्या अनुसूचीत घातले जातात. ते बदलायचे तर राजपत्रात मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती व सूचनांसाठी बहुधा साठ दिवस दिले जातात आणि मग अंतिम अधिसूचना निघते. पण त्याच नियमांतील नियम ३ राज्य मंडळाला अधिकार देतो की, ज्या पाण्यात सांडपाणी जाणार आहे त्याची स्थिती पाहून, लेखी कारणे नोंदवून, केंद्राच्या अनुसूचीपेक्षा अधिक कडक मानके घालता येतात. म्हणून ठराव मुख्यतः मुंबईकडे, म्हणजे राज्य मंडळाकडे पाठवा. त्यासाठी केंद्रीय अधिसूचना बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे कर्नाटकात जाते, म्हणून एक प्रत केंद्रीय मंडळालाही द्यावी.

ठरावात ‘निकष कडक करा’ हे वाक्य ठेवू नका, कारण त्याला कोणतेही उत्तर चालते. त्याऐवजी असे विचारा: ‘पंचगंगेसाठी कलम १७(१)(के) प्रमाणे मानके ठरवली आहेत काय? ठरवली असल्यास कोरड्या ऋतूतील किमान प्रवाह किती धरला आहे? ठरवली नसल्यास ती कोणत्या तारखेपर्यंत ठरवणार?’ या प्रश्नांना ‘कार्यवाही सुरू आहे’ हे उत्तर बसत नाही.

बदलत्या नियमांबाबत आणखी दोन गोष्टी माहीत असाव्यात. महाराष्ट्रात नदीकाठी कोणते उद्योग किती अंतरावर असावेत यासाठी २००० साली नदी नियमन क्षेत्र धोरण आले, २००९ मध्ये ते सुधारले गेले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द झाले. दुसरी गोष्ट याच जल अधिनियमाच्या २०२४ च्या दुरुस्तीची. पाणी हा राज्यांचा विषय असल्याने संविधानाच्या अनुच्छेद २५२ प्रमाणे ही दुरुस्ती प्रथम हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली आणि इतर राज्यांना ती विधिमंडळाच्या ठरावाने स्वीकारता येते. तिच्यात प्रदूषक पदार्थ सोडण्यासारख्या अनेक गुन्ह्यांसाठी तुरुंगवासाऐवजी १०,००० रुपयांपासून १५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि तो न्यायालयाऐवजी अभिनिर्णय अधिकारी ठरवणार आहे. वर्षानुवर्षे रखडणाऱ्या खटल्यापेक्षा लवकर लागलेला दंड बरा, हे म्हणणे मला मान्य आहे. परंतु मोठ्या उद्योगाला १५ लाखांची कमाल मर्यादा हा दरवर्षीचा एक खर्च वाटू शकतो, ही भीतीही खरी आहे. आणि काही प्रकारच्या उद्योगांना संमतीपत्राच्या, म्हणजे सांडपाणी सोडण्यासाठी मंडळाकडून घ्यायच्या परवानगीच्या, अटीतून सूट देण्याचा अधिकार या दुरुस्तीने केंद्राला दिला आहे. त्याकडे ग्रामसभांनी लक्ष ठेवले पाहिजे, कारण संमतीपत्र हाच तो कागद आहे ज्यावर तुमच्या नदीची अट लिहिता येते.

नगर अभियंता

वरील दोन्ही उत्तरे मनापासून आवडली, तरीही एक वेगळे म्हणणे मांडतो. मी एका मध्यम शहराच्या मलनिस्सारण विभागात नोकरीला आहे. बाजू घेतो असे वाटेल, पण प्रत्यक्षात काय घडते हे ठराव लिहिण्यापूर्वी माहीत असणे गावाच्या हिताचे आहे.

केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. प्रक्रियेची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर आहे आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते २०,२३६ दशलक्ष लिटरवर. म्हणजे दर शंभर लिटरमधील बहात्तर लिटर कोणत्याही केंद्राला न शिवता नाल्यांतून नदीत जाते. बीओडी ३० ठेवा किंवा १० करा, तो आकडा फक्त उरलेल्या अठ्ठावीस लिटरना लागू होतो. प्रक्रिया न झालेल्या मैलापाण्याचा बीओडी दोनशेच्या आसपास असतो. एक उघडा नाला अडवून केंद्राकडे वळवला तर जेवढा भार कमी होतो, तेवढा चांगल्या चाललेल्या केंद्राला ३० वरून १० वर नेऊन होत नाही, आणि खर्च मात्र दुसऱ्या कामाला जास्त येतो.

केंद्र उभारायला अनुदान मिळते. चालवायला मिळत नाही. हवा देणाऱ्या ब्लोअरचे वीजबिल हा सर्वांत मोठा खर्च असतो आणि नगरपालिकेची तिजोरी रिकामी असली की पहिली काटकसर तेथेच होते. नाल्यावरच्या पंपगृहात वीज गेली आणि जनरेटरला डिझेल नसले तर पाणी बांधावरून सरळ नदीत उतरते. मी हे रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन उभ्याने पाहिले आहे. पंप बंद पडल्यावर नाल्याचे पाणी चढायला अर्धा तासही लागला नाही. त्या रात्रीच्या पाण्याची नोंद कोणत्याही अहवालात नव्हती, कारण नमुना केंद्राच्या बाहेर पडण्याच्या जागी घेतला जातो आणि केंद्रातून बाहेर पडलेले पाणी उत्तमच होते.

तेव्हा माझे म्हणणे असे की, नवा आकडा मागण्यापूर्वी जुना आकडा सर्व पाण्याला लावून मागा.

जुना केमिस्ट

अभियंतासाहेब, तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि भाराचा हिशेब मागण्याचे खरे कारण तेच आहे. प्रमाणाचा निकष केंद्राच्या नळीला चिकटून राहतो. तुम्ही म्हणता तो नाला त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. पण शहराला ‘दिवसाला एकूण इतके किलो’ अशी मर्यादा घातली, तर केंद्रातून आलेले किलो आणि नाल्यातून आलेले किलो एकाच खात्यावर पडतात. मग शहर आपणहून पाहील की पैसा कोठे टाकला तर किलो लवकर कमी होतात. बहुतेक ठिकाणी उत्तर नाला अडवणे हेच येईल, हे तुमचे बरोबर आहे. फक्त ते उत्तर नियमातून यावे. एखाद्या अधिकाऱ्याच्या कळकळीवर अवलंबून राहू नये.

वैशाली, पुणे

नाल्याबाबत कायदा आपल्या बाजूने आहे. अधिनियमाच्या व्याख्येत ‘निर्गम’ म्हणजे सांडपाणी वाहून नेणारी कोणतीही नळी किंवा वाहिनी, मग ती उघडी असो वा बंद. शहराचा उघडा नाला हा शहराचा निर्गमच ठरतो. शिवाय कलम २५ प्रमाणे संमतीपत्रांच्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची असते आणि त्या निर्गमामुळे बाधित होणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला ती पाहण्याचा हक्क आहे. सर, ठराव पाठवण्यापूर्वी एक दिवस काढून ही नोंदवही पाहून या. वरच्या प्रत्येक निर्गमाला किती पाणी आणि किती बीओडी मंजूर आहे ते वहीत उतरवून घ्या. त्या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे केमिस्टकाकांचे किलो. ती बेरीज आजवर कोणी केली नसेल, तर तुमच्या ग्रामसभेने करावी.

शिरोळकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री समितीचे आम्ही तिघे बसून ही चर्चा दोनदा मोठ्याने वाचली. आमच्यातील एक सदस्य मुलाला गणित शिकवायच्या पाटीवर तो ३० आणि १० चा हिशेब मांडून पाहत होते. उत्तर ६ आल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मसुदा असा केला आहे. ‘पंचगंगा नदीच्या पात्रासाठी बरगे घातलेल्या काळातील किमान प्रवाह निश्चित करून, कलम १७(१)(के) नुसार स्वतंत्र मानके शक्य तितक्या लवकर ठरवावीत, शहरांचे उघडे नाले निर्गम म्हणून नोंदवून प्रत्येक निर्गमाचा दैनंदिन भार किलोग्रॅममध्ये जाहीर करावा, बंधाऱ्यांत पाणी साचलेल्या काळात नायट्रोजन व फॉस्फरसची मर्यादा लागू करावी, आणि नदीच्या पाण्याचे नमुने नियमितपणे घ्यावेत.’ नोंदवही पाहण्यासाठी पुढच्या आठवड्यात जाणार आहोत.

एक शंका राहते. त्या पहाटे मी स्वतः बाटलीत पाणी भरून ठेवले होते आणि ते एका खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतले. त्याचा अहवाल ठरावाला जोडावा का?

वैशाली, पुणे

जोडा, पण पुरावा म्हणून त्याच्यावर विसंबू नका. न्यायालयात चालणारा नमुना कलम २१ च्या रीतीने, संबंधिताला नोटीस देऊन आणि दोन भाग करून, मंडळाने घ्यायचा असतो. तुमच्या अहवालाचा उपयोग वेगळा आहे: मंडळाने कोणत्या वेळी आणि कोणत्या जागी नमुना घ्यावा, हे सांगायला तो कामी येईल. आणि मसुद्यातील ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द काढून तेथे तारीख घाला.

जुना केमिस्ट

‘नियमितपणे’ हा शब्दही काढावा. केंदाळ आणि शेवाळ असलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू दिवसभर सारखा नसतो. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडते, म्हणून दुपारी आकडा चांगला दिसतो. रात्रभर तेच शेवाळ आणि जिवाणू तो वापरत राहतात आणि सूर्योदयाच्या थोडे आधी तो सर्वांत खाली जातो. तुमचे मासे पहाटे तोंड वर काढत होते आणि दुपारचा नमुना मर्यादेत होता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. केंद्र सरकारच्या स्नानाच्या निकषात प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा असे आहे, पण तो पहाटे मोजायचा की दुपारी, हे त्यात लिहिलेले नाही. तुमच्या ठरावात लिहा: ‘बरगे घातल्यापासून काढेपर्यंत दर पंधरवड्याला, सूर्योदयापूर्वी, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, पृष्ठभागाखाली एक फूट खोलीवर.’

आणखी एक सांगतो. नमुना घ्यायला माणूस आला की त्याच्याजवळ उभे राहा. काठावरच बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालतात. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. अजिबात नसेल तर साका पांढराच राहतो. त्यासाठी प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही, गावातल्या दहावीच्या मुलालाही ते डोळ्यांनी दिसते. शाळेतली चार मुले पहाटे बरोबर न्या, आणि बाटली, तारीख आणि वेळ यांचा एकत्र फोटो काढून ठेवा.